तुटलेला धागा ओळखणारं यंत्र

रोबोट म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर हात येतो. मोटारीच्या कारखान्यातला, केशरी रंगाचा, ठिणग्या उडवत वेल्डिंग करणारा. वर्गात 'रोबोट काढून दाखवा' म्हटलं की फळ्यावर हमखास तोच उमटतो. मुलांचं चुकतं असं नाही. १९६१ साली अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात जो पहिला औद्योगिक रोबोट कामाला लागला, तो युनिमेटही एक हातच होता. साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग काढून पुढे द्यायचे, एवढंच त्याचं काम. समोर भाग आहे की नाही, मध्ये कुणी माणूस आलाय का, यातलं त्याला काही कळत नव्हतं. नेमून दिलेल्या जागी जायचं, पकडायचं, उचलायचं.

हात हलवणं ही या विषयाची अर्धी बाजू. उरलेली अर्धी म्हणजे यंत्राला बाहेरचं काही उमगणं, आणि सोलापुरात इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवण्यातली माझी सगळी नोकरी त्या बाजूला गेली. सेन्सर, त्यातून येणारा क्षीण संदेश, तो खरा की खोटा हे ताडणं, आणि मग काय करायचं ते यंत्राला सांगणं.

'सोलापुरात? रोबोटिक्स?' असं विचारणारे पुण्या-मुंबईच्या परिषदांत भेटतात. चादर, शेंगाचटणी आणि उन्हाळा एवढंच सोलापूर त्यांना माहीत असतं. त्यांना मी सविस्तर उत्तर देतो, कारण स्वयंचलन शिकायला याहून बरं गाव मला ठाऊक नाही. १८७०च्या दशकात इथे जुनी मिल उभी राहिली, तिच्यामागून इतर मिल आल्या, पुढे हातमागांच्या जागी यंत्रमाग आले आणि पूर्व भागात घराला घर लागावं तसे कारखाने लागले. स्वतःच्या कामाकडे स्वतः लक्ष ठेवणारी यंत्रं या गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत.

माझे वडील मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडल्यावर ते पूर्व भागातल्या कारखान्यांतून मागांची दुरुस्ती करायचे, आणि शाळेला सुट्टी असली की पान्यांची पिशवी माझ्याकडे असायची. आयुष्यातला पहिला सेन्सर मी तिथे पाहिला. त्याला सेन्सर म्हणतात हे कळायला पुढे बरीच वर्षं लागली.

साध्या यंत्रमागावर, फणीच्या एका बाजूला, बोटाएवढा तीन दात्यांचा एक काटा असतो. इंग्रजीत त्याला वेफ्ट फोर्क म्हणतात. धोटा या टोकाकडून त्या टोकाला जातो तेव्हा मागे आडवा धागा टाकून जातो. तो धागा ठोकायला फणी पुढे आली की धागा काट्याच्या दात्यांवर दाबला जातो, काटा कलतो आणि त्याची मागची शेपटी वर उचलली जाते. तिच्याखालून मागे-पुढे होणारा हुकासारखा एक आकडा रिकामाच निघून जातो. माग चालू. आता कांडीवरचं सूत संपलं किंवा धागा तुटला असं समजा. दात्यांवर दाब द्यायला काहीच नाही. ते समोरच्या जाळीतून सरळ आरपार जातात, शेपटी खालीच राहते, आकडा तिच्यात अडकतो, तिला मागे खेचतो, हँडल झटक्यात सुटतं आणि माग बंद. यात वीज नाही, चिप नाही, एक ओळीचा प्रोग्रॅम नाही. धोट्याच्या दर दुसऱ्या फेरीला एकच प्रश्न विचारला जातो, धागा आहे का? आणि रचना अशी, की 'आहे' हे सांगायला धाग्याला काहीतरी करावं लागतं. काहीच घडलं नाही, तर यंत्र ते वाईटच समजतं आणि थांबतं.

मी हा काटा अजूनही वर्गात नेतो. मुलं तो हातात घेतात, दात्यांवर बोट टेकवतात, शेपटी उचलली जाताना बघतात. इंडस्ट्रियल ऑटोमेशनच्या जाड पुस्तकात फेल-सेफ, म्हणजे बिघडलं तर यंत्राने सुरक्षितपणे थांबावं, हे प्रकरण बरंच पुढे येतं. माझ्या वर्गात ते पहिल्या आठवड्यात येतं.

जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ साली जो स्वयंचलित माग पूर्ण केला, तो धागा तुटला की आपोआप थांबायचा आणि चालता चालता धोटा बदलायचा. १९२९ साली त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी घेतले. त्याच घराण्याने पुढे मोटारी काढल्या, आणि 'बिघाड दिसला की यंत्राने स्वतः थांबावं' हे तत्त्व मागावरून मोटारीच्या कारखान्यात गेलं. जकार्डची गोष्ट याहूनही जुनी, १८०४ च्या आसपासची : भोकं पाडलेले पत्ते, त्या भोकांप्रमाणे उचलले जाणारे धागे, आणि त्यातून पुढे संगणकापर्यंत गेलेली वाट. ती सगळेच सांगतात, म्हणून इथे लांबवत नाही. सोलापूरच्या चादरीवरचा मोर त्या पत्त्यांतूनच आला, एवढं मात्र मुलांना सांगतो, कारण ती चादर घरात पांघरून झोपणाऱ्या मुलांना बरेचदा तेच माहीत नसतं.

मी शिकवायला लागलो तेव्हा प्रयोगशाळेत ८०८५ मायक्रोप्रोसेसरचे किट होते. लाल आकडे दाखवणारा छोटा डिस्प्ले, सोळा अंकांचा कीबोर्ड. ३-ई दाबायचं, मग आकडा, मग पुढची आज्ञा, शेवटी ७६, की प्रोग्रॅम थांबला. पुढे भारनियमनाची वर्षं आली. प्रोग्रॅम ऐन भरात असताना वीज जायची आणि सगळं पुसलं जायचं. मुलं निमूटपणे परत पहिल्यापासून सुरू करायची. त्या पिढीला आज्ञा पाठ झाल्या त्या अशा.

त्या काळी रोबोट घेणं आम्हाला परवडण्यातलं नव्हतं. नंतर एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या, प्रयोगशाळा अद्ययावत करायच्या मॉडरॉब्स योजनेतून पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारे छोटे औद्योगिक संगणक आले, स्टेपर मोटरवर चालणारा एक शिकाऊ हात आला. त्याच्या आधी आमच्याकडे होतं ते तापमान मोजणारं थर्मोकपल, वजन मोजणारा लोड सेल, वस्तू जवळ आली की ओळखणारा प्रॉक्झिमिटी स्विच. आज वाटतं, हा क्रम नशिबानेच चांगला मिळाला. हात आधी आला असता तर आम्ही सगळे त्याच्याच मागे लागलो असतो.

चार ते वीस मिलिअँपिअर. हा विषय मी शिकवायला लागलो की जुने विद्यार्थी आजही हसतात, कारण त्यावर मी दोन तास बोलू शकतो. कारखान्यातला सेन्सर आणि त्याचं वाचन घेणारी खोली यांत शे-दोनशे मीटर अंतर असतं. सेन्सर आपलं माप विजेच्या प्रवाहाच्या रूपात तारेतून पाठवतो. टाकी पूर्ण भरलेली असेल तर वीस मिलिअँपिअर. आणि रिकामी असेल तर? कुणीही म्हणेल, शून्य. पण शून्य ठेवलं तर घात होतो. टाकी रिकामी झाली तरी शून्य, आणि उंदराने तार कुरतडली तरी शून्य. दोन्ही गोष्टी एकसारख्या दिसायला लागतात. म्हणून रिकाम्या टाकीलाही चार मिलिअँपिअर पाठवायचे. सेन्सर जिवंत आहे, आणि तो सांगतोय की काही नाही. चारच्या खाली आलं की समजायचं, माप गेलं, आता बॉयलर या आकड्यावर चालवायचा नाही.

हे मुलांच्या डोक्यात नीट उतरलं की मला त्या दिवशी घरी जाताना बरं वाटतं. पुढे ती कुठल्या का कंपनीत जाईनात, औषधाच्या, साखरेच्या, की फताटेवाडीच्या वीजकेंद्रात. 'माप शून्य आहे' आणि 'माप येतच नाही' यातला भेद ज्याला कळत नाही, त्याच्या हातात यंत्र देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

पीएच.डी.साठी, शिक्षकांना पुढे शिकायला पाठवणाऱ्या क्यूआयपी योजनेतून मी पवईला आयआयटीत गेलो. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसायचं, सकाळी मुंबई. तिथे खरे, मोठे, महाग रोबोट पाहिले. डेनाविट आणि हार्टेनबर्ग यांनी १९५५ साली मांडलेली पद्धत तिथे अंगात मुरली : हाताच्या प्रत्येक सांध्याला चार संख्या द्यायच्या, एकामागून एक गुणत जायचं, आणि बोटाचं टोक अवकाशात नेमकं कुठे आहे ते काढायचं. देखणं गणित आहे ते. पण संशोधनाचा विषय ठरवायची वेळ आली तेव्हा मी मागच निवडला. परत येऊन मला इथेच काम करायचं होतं, आणि इथे सांध्यांचे हात नव्हते, माग होते.

विषय असा : मागाच्या थरथरीवरून त्यातला बिघाड आधीच ओळखता येईल का? मागाच्या सांगाड्यावर थरथर मोजणारा अॅक्सिलरोमीटर लावायचा, येणाऱ्या लहरी संगणकात घ्यायच्या, त्यांची फूरिए पद्धतीने वेगवेगळ्या वारंवारतांत फोड करायची आणि कुठली वारंवारता बदलली ते बघायचं. पूर्व भागातल्या एका मालकांनी कोपऱ्यातले दोन माग मला दिले. तिथे एक जॉबर, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती बघणारे कारागीर होते, वयस्कर. सगळा कारखाना त्यांना अण्णा म्हणायचा, मीही म्हणायला लागलो. घरची भाषा तेलुगू, मराठीचं वळण खास सोलापुरी. माझ्या वायरी, माझी पेटी, पडद्यावरची हिरवी रेघ हे सगळं ते हात मागे बांधून बघत राहायचे.

एका दुपारी ते मागाशेजारी उभे होते. त्या गोंगाटात त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं.

"सर, तुमचं मशीन काय म्हणतंय?"

"अजून काही नाही, अण्णा. सगळं सरळ दिसतंय."

"डावीकडचा मार हलका पडायलाय. पट्टा जाणार बघा, उद्यापर्यंत."

दुसऱ्या दिवशी धोट्याला फटका देणाऱ्या बाजूचा चामडी पट्टा तुटला. डावीकडचाच. मी आदल्या दिवसाच्या नोंदी परत काढून बसलो आणि बारकाईने पाहिल्यावर त्यात तो बदल सापडला, पण इतका बारीक की इतर थरथरीत बुडून गेलेला. अण्णांना तो कसा कळला? मला वाटत होतं, आवाजावरून. तसं विचारल्यावर त्यांनी मान हलवली.

"कान कुठं राहिलेत सर आता? हाताला कळतंय."

आणि त्यांनी तळवा ठेवून दाखवला. मी सेन्सर लावला होता तो वरच्या आडव्या पट्टीवर, सोयीची सपाट जागा बघून. त्यांचा तळवा गेला खाली, ज्या दांड्यावरून फटक्याचा जोर सांगाड्यात उतरतो तिथे, बाजूच्या बिडाच्या फ्रेमवर, गुडघ्याच्या थोडं वर. वर्षानुवर्षं ठेवून ठेवून ती जागा गुळगुळीत झाली होती. मी सेन्सर काढला आणि तिथे बसवला. रेघ बदलली. जे वर बुडून जात होतं ते इथे स्पष्ट उभं राहिलं. माझ्या प्रबंधाच्या एका प्रकरणाचं सगळं बळ सेन्सरच्या त्या जागेत आहे, आणि ऋणनिर्देशात अण्णांचं नाव मार्गदर्शकांच्या लगेच खाली आहे.

कान कुठं राहिलेत, हे त्यांचं वाक्य मात्र प्रबंधात घालता आलं नाही. यंत्रमागाच्या कारखान्यात आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो आणि माणसं त्यात दिवसदिवस काढतात. ज्या इंद्रियावर कसब उभं राहतं तेच इंद्रिय ते काम खाऊन टाकतं. अण्णांसारखी माणसं मग तळव्यावर येतात. घरी दादा, म्हणजे माझे वडीलही टीव्हीचा आवाज मोठा ठेवायचे आणि आई ओरडून बोलायची. आमच्या घरात सगळेच ओरडून बोलायचे. ते भांडण नसायचं, ती मिल होती.

पवईहून परत आल्यावर मी मुलांना एक सवय लावायचा प्रयत्न केला : डेटाशीट, म्हणजे सेन्सरचं माहितीपत्रक, उघडायच्या आधी जागेवर जायचं. त्याचं फळ कधी कधी फार छान मिळतं. आमची मुलं रोबोकॉन या रोबोटच्या स्पर्धेच्या तयारीला लागायची तेव्हा अंतर मोजायला स्वस्तातला अल्ट्रासॉनिक सेन्सर वापरायची. चाळीस हजार हर्ट्‌झचा आवाज सोडायचा, प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं. जानेवारीत सगळं बिनचूक चालायचं. एप्रिल-मेमध्ये त्याच गाडीला भिंत जवळ दिसायला लागायची. मुलं म्हणायची, "सर, सेन्सर बाद झालाय." सेन्सर बाद झालेला नसायचा. वीस अंशाला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो, त्रेचाळीस अंशाला ३५७ च्या आसपास. मीटरभर अंतराला चार सेंटिमीटरचा फरक इथेच पडतो. सोलापूरचा मे महिना गणितात धरायला हवा, एवढंच. तापमानाचा एक छोटा सेन्सर जोडला की काम होतं. पण हे पुस्तकातल्या २५ अंशांवर शिकलेल्याला सुचत नाही.

मुलं आता मोठ्या संख्येने शेतकऱ्यांच्या घरातून येतात. मंगळवेढा, माढा, मोहोळ, सांगोला. त्यांना लोड सेल शिकवताना मी 'काटा' म्हणतो आणि वर्ग एकदम जागा होतो. ऊस घातलेल्या प्रत्येक घरात काट्याविषयी शंका असते. गाडी काट्यावर चढली की खालचा पोलादी ठोकळा डोळ्यांना दिसणार नाही इतका दबतो, त्यावर चिकटवलेल्या बारीक पत्र्याच्या जाळीचा रोध किंचित बदलतो, रोधातला बारीक फरक पकडणाऱ्या व्हीटस्टन ब्रिजमधून काही मिलिव्होल्ट बाहेर पडतात. त्या मिलिव्होल्टवर एका घराचं वर्षाचं उत्पन्न ठरतं. दरवर्षी होणारी वैधमापन खात्याची पडताळणी कशासाठी, तापमानाने वाचन का सरकतं, शून्य कसं तपासायचं, हे त्या मुलांना कधी दोनदा सांगावं लागत नाही. ती घरी जाऊन वडिलांना समजावून सांगतात. अभ्यासक्रमातलं आणखी काही त्यांनी घरी जाऊन सांगितल्याचं मी फारसं ऐकलेलं नाही.

सांगोल्याकडच्या एका मुलाने डाळिंबाच्या बागेसाठी आपोआप पाणी देणारी यंत्रणा केली. मातीत कपॅसिटिव्ह सेन्सर, ओल कमी झाली की ठिबकचा व्हॉल्व्ह उघडायचा. तत्त्व सरळ आहे : पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे विजेचा भार साठवायला किती मदत होते त्याचं माप, ८० च्या आसपास, कोरड्या मातीचा अगदी थोडा, हवेचा १. टेबलावरच्या कुंडीत यंत्रणा झकास चालली. रानात नेल्यावर दोन गोष्टी झाल्या. काळ्या जमिनीला उन्हात भेग पडली, ती नेमकी सेन्सरला लागून गेली, आणि सेन्सर मातीऐवजी हवा मोजायला लागला. भोवती ओल असूनही तो कोरडं कोरडं म्हणत राहिला. ही अडचण अभियांत्रिकीची, ती आम्ही जागा बदलून आणि दोन खोलींवर सेन्सर लावून सोडवली. दुसरी जास्त विचार करायला लावणारी होती. एक दिवस मुलाच्या वडिलांनी यंत्रणाच बंद करून टाकली. मुलगा हिरमुसला. वडील म्हणाले, "आरं, बाग ताणावर हाय."

बहार धरायच्या आधी डाळिंबाच्या बागेचं पाणी मुद्दाम तोडतात. झाडाला ताण बसला, पानगळ झाली, की मग पाणी सोडायचं, आणि फुलं एकदम येतात. त्या दिवसांत कोरडी माती ही अडचण नसते, तोच उद्देश असतो. सेन्सर खरं सांगत होता आणि तरीही व्हॉल्व्ह उघडणं नुकसानीचं होतं. त्या मुलाच्या अंतिम अहवालात मी वडिलांची मुलाखत घालायला लावली, बहाराच्या वेळापत्रकासकट. मग यंत्रणेत महिन्याप्रमाणे बदलणारी मर्यादा आली, आणि 'आज हात लावू नको' असं सांगणारं एक बटण आलं. ते बटण दाबायचा अधिकार वडिलांचा.

एका प्रश्नाला मी कधी टाळलेलं नाही, कारण तो माझ्या घरातून आलेला आहे. स्वतःहून थांबणारा माग आला की एका माणसाला जास्त माग सांभाळता येतात. म्हणजे तेवढ्याच मागांना कमी माणसं लागतात. धोट्याशिवाय चालणाऱ्या रेपिअर मागांनी हे आणखी पुढे नेलं : तिथे उभ्या धाग्यांतल्या प्रत्येकावर एक पातळ पत्री लोंबकळत असते, धागा तुटला की ती खाली पडते, संपर्क जुळतो, माग थांबतो, दिवा लागतो. कारागिराने नजर ठेवायची गरज उरत नाही. मिल बंद पडल्या त्याला कारणं बरीच होती आणि एकट्या यंत्राला दोष देणं खोटं ठरेल. पण बेकार झालेला फिटर मी जेवणाच्या ताटासमोर बसलेला पाहिलाय, त्यामुळे 'तंत्रज्ञान नव्या नोकऱ्या निर्माण करतं' हे वाक्य मला परिषदेच्या व्यासपीठावरून बोलता येत नाही. नोकरी गेलेला माणूस आणि नव्या नोकरीवर लागलेला माणूस बहुधा एकच नसतो.

म्हणून माझ्या हाताखालच्या प्रत्येक प्रोजेक्ट अहवालात एक प्रकरण सक्तीचं आहे : हे काम आज कोण करतं, त्याला त्याचा त्रास काय, आणि यंत्र आल्यावर तो काय करेल. परीक्षक कधी नाक मुरडतात, 'हे सोशल सायन्स झालं' म्हणतात. म्हणू देत. त्या प्रकरणामुळे प्रोजेक्टचे विषय बदलतात हे मी पाहिलंय. मग मुलं डाय-हाऊसमधल्या, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्यातल्या, उकळत्या टाकीत हात न घालता रंगाचा नमुना कसा काढता येईल ते शोधतात, हवेतल्या कापसाच्या तुसाचं मोजमाप करतात, बहिऱ्या होत चाललेल्या कामगाराच्या मनगटाला थरथरून इशारा देणारा पट्टा करतात. आकर्षक रोबोट यातून निघत नाही. माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती वेगळीच. सगळीकडे आता शाखांच्या नावात रोबोटिक्स, ऑटोमेशन, एआय हे शब्द आले, माहितीपत्रकावर हाताचं चित्र आलं, आणि इन्स्ट्रुमेंटेशनकडे, म्हणजे मापनाच्या शाखेकडे, यायला मुलं तयार नाहीत. मापनाचा पेपर ऐच्छिक होतो. कॅमेऱ्याच्या चित्रातून कापडातला दोष ओळखणारं मॉडेल मुलं एका आठवड्यात उभं करतात, पण दिवा कुठे लावला, सावली कुठून पडली, लेन्सवर तूस बसलं तर मॉडेलला ते कळेल का, हे विचारल्यावर गप्प होतात. फोर्कच्या दात्यांचाच प्रश्न आहे हा. दोष दिसला नाही म्हणजे कापड चांगलं, की बघणंच बंद झालंय? अधिष्ठात्यांपुढे, विद्यापीठाच्या अभ्यास मंडळापुढे, जिथे संधी मिळेल तिथे मी हे बोलत आलोय, आणि निवृत्तीनंतरही बोलणार आहे.

अण्णा आता नाहीत. त्यांच्या हाताखाली तयार झालेले एक जॉबर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहेत, जुने माग आणि नवे रेपिअर दोन्ही बघतात. यूजीसीने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची सोय केली, तीत पदवीची अट नाही, अनुभवाची आहे. तिच्या आधाराने त्यांना एका सत्रासाठी मानधनावर बोलवावं असा प्रस्ताव मी दिलाय. ते आढेवेढे घेत होते, मग त्यांच्या मुलीनेच त्यांना तयार केलं. ती आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला आहे. त्यांची एकच अट आहे : तास कॉलेजात नको, कारखान्यात, माग चालू असताना, आणि प्रत्येक पोराच्या कानात इअरप्लग पाहिजे.